विश्लेषण : संघ तळाला, तरी चाहत्यांचे पुरस्कार! पुण्याच्या फुटबॉलला हे भाग्य का नाही?

हंगाम संपतो, संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो आणि त्याच आठवड्यात त्याचे चाहते पुरस्कार जाहीर करू लागतात. सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम गोल, सर्वात लाजिरवाणा पराभव, सर्वात फसलेली खरेदी... इंग्लंडमधील फुटबॉलप्रेमींना यात नवल वाटत नाही. माण-हिंजवडी परिसरात मध्यरात्रीपर्यंत जागून प्रीमियर लीग पाहणारा आयटीतील तरुणही आपल्या लाडक्या संघासाठी अशी यादी सहज करू शकतो. मात्र माणपासून काही किलोमीटरवर असलेल्या बालेवाडीला आपले घर म्हणणाऱ्या पुण्याच्या क्लबांवर ही वेळच आली नाही. हे क्लब खालच्या श्रेणीत गेले नाहीत, थेट बंद झाले. घसरणे आणि बंद पडणे यांतला फरक पुण्याच्या फुटबॉलची दुखरी नस आहे.

रेलिगेशन म्हणजे काय?

युरोपातील बहुतेक फुटबॉल लीग शिडीसारख्या असतात. वरच्या पायरीवर तळाला राहिलेले संघ एक पायरी खाली जातात आणि खालचे अव्वल संघ वर येतात. या खाली जाण्याला रेलिगेशन म्हणतात. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात आणि दरवर्षी तळाचे ३ खाली जातात. २०२४-२५ मध्ये लेस्टर सिटी, इप्सविच टाउन आणि साउदम्प्टन यांच्यावर ही वेळ आली. यातील लेस्टर २०१६ मध्ये याच लीगचा विजेता होता!

खाली जाणाऱ्या क्लबचे उत्पन्न एकदम आटू नये यासाठी प्रीमियर लीग त्याला काही काळ आधाराची रक्कम देते. ही रक्कम जास्तीत जास्त ३ वर्षे मिळते आणि दरवर्षी कमी होत जाते. थोडक्यात, पडण्याची शिक्षा आहे आणि पडणारा मरू नये याची तजवीजही आहे.

हरलेल्या संघाला पुरस्कार कशासाठी?

वरवर पाहता ही थट्टा आहे, पण प्रत्यक्षात तो हिशेब असतो. लेस्टरचे उदाहरण घ्या. त्या हंगामात घरच्या मैदानावर लीगमधील सलग ९ सामने हा संघ एकही गोल न करता हरला. ‘सर्वात वाईट काळ’ या पुरस्काराला दुसरा दावेदार शोधावा लागत नाही. पण त्याच मैदानावर १८ मे २०२५ रोजी जेमी वार्डी लेस्टरसाठी आपला ५०० वा आणि अखेरचा सामना खेळला आणि त्याने क्लबसाठीचा २०० वा गोल केला. रेलिगेशन आधीच ठरले होते, सामन्याला गुणतक्त्यात काही अर्थ नव्हता. तरी त्या गोलला पुरस्कार न देणारा लेस्टरचा चाहता विरळाच.

साउदम्प्टनची कथा आणखी बोलकी. ७ सामने बाकी असतानाच त्यांचे खाली जाणे निश्चित झाले. प्रीमियर लीगच्या इतिहासात इतक्या लवकर कोणीच खाली गेले नव्हते. उरली होती फक्त डर्बी काउंटीच्या २००७-०८ मधील ११ गुणांच्या नीचांकाची भीती. मे महिन्यात मँचेस्टर सिटीला गोलशून्य बरोबरीत रोखून त्यांनी १२ वा गुण मिळवला, तेव्हा मैदानात जल्लोष झाला. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण जो संघ पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा मैदानात उतरणार आहे, त्याच्याच चाहत्याला असे हसता येते. पुरस्कारांच्या यादीत एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे पुढचा हंगाम.

बालेवाडीत काय घडले?

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलाने एका दशकात पुण्याचे ४ व्यावसायिक फुटबॉल क्लब पाहिले.

• पुणे एफसी : २००७ मध्ये स्थापना. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग हंगामात तिसरे स्थान, २०१२-१३ मध्ये उपविजेतेपद. २०१५ मध्ये बंद.

• भारत एफसी : २०१४-१५ मध्ये आय-लीगमध्ये थेट प्रवेश. ११ संघांत शेवटचे स्थान. एकाच हंगामानंतर बंद.

• डीएसके शिवाजियन्स : २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये थेट प्रवेश. ९ संघांत शेवटचे स्थान. २०१६-१७ नंतर आय-लीगमधून बाहेर.

• एफसी पुणे सिटी : २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये. २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी. २०१९ मध्ये बंद. त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला आणि २०२२ मध्ये आयएसएल विजेता ठरला. पुढे २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला हलवला गेला.

या चौघांपैकी एकही क्लब रेलिगेशनमुळे खाली गेला नाही. यातील दोन तर गुणतक्त्यात शेवटचे होते, तरीही!

मग खाली कोण गेले?

थेट प्रवेश घेणाऱ्या नव्या क्लबांना सुरुवातीच्या काळात रेलिगेशनपासून संरक्षण होते. त्यामुळे २०१५ मध्ये भारत एफसी शेवटचा आला, पण खाली गेला त्याच्या वरचा धेंपो स्पोर्ट्स क्लब. राष्ट्रीय विजेतेपद ५ वेळा पटकावलेला हा गोव्याचा क्लब. पुढच्याच वर्षी याची पुनरावृत्ती झाली. डीएसके शिवाजियन्स शेवटचा होता, पण खाली जाण्याची वेळ आली मिझोरामच्या ऐजॉल एफसीवर.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. गोव्याच्या क्लबांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉलच्या नव्या आराखड्याला विरोध करत आय-लीगमधून माघार घेतली. रिकाम्या झालेल्या जागेवर ऐजॉलला परत बोलावण्यात आले आणि २०१६-१७ मध्ये हाच संघ मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून देशाचा विजेता ठरला! धेंपो गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला आणि दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. ज्यांना खाली ढकलले ते दोन्ही क्लब जिवंत आहेत. ज्यांना खाली जाण्यापासून वाचवले ते दोन्ही नाहीसे झाले.

मुंबई एफसीचे काय?

या मांडणीला छेद देणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी कूपरेज उपलब्ध नसताना काही हंगाम बालेवाडीतही खेळला. खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली हा संघ वर्षानुवर्षे तुटपुंज्या बळावर आय-लीगमध्ये तग धरून राहिला. २०१६ मध्ये जमील गेले. ते गेले ऐजॉलला. सोबत जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीकडून खेळलेले खेळाडूही होते. ज्या हंगामात जमील यांनी ऐजॉलला विजेतेपद मिळवून दिले, त्याच हंगामात मुंबई एफसी १० संघांत शेवटचा आला. त्याला संरक्षण नव्हते. तो खाली गेला आणि तिथेच संपला.

म्हणजे रेलिगेशन ही काही टिकून राहण्याची हमी नाही. खाली गेल्यावर पाय ठेवायला पायरी आणि साथीला माणसे लागतात. धेंपोला गोव्याची लीग होती, ऐजॉलला मिझोरामची लीग आणि सामन्याला गर्दी करणारे शहर होते. मुंबई एफसीचा आधार मुख्यतः मालक उद्योगसमूहाचा होता. तो आधार सुटल्यावर क्लबला सावरणारे दुसरे कोणी उरले नाही.

संरक्षणाचा युक्तिवाद किती खरा?

रेलिगेशनला विरोध करणाऱ्यांची बाजू अगदीच फोल नाही. भारतात क्लबचे उत्पन्न कमी आणि खर्च मोठा. कोट्यवधी रुपये घालणाऱ्या मालकाला एका वाईट हंगामात खाली ढकलले, तर पैसा घालायला पुढे येणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. आयएसएल याच विचारावर उभी राहिली. २०१९ मध्ये ठरलेल्या आराखड्यानुसार आय-लीगच्या विजेत्याला वर येण्याची वाट मोकळी झाली. रेलिगेशन २०२४-२५ पासून सुरू होणे अपेक्षित होते, पण त्या हंगामात तळाला राहिलेला मोहम्मडन स्पोर्टिंग खाली गेला नाही.

पण बालेवाडीचा अनुभव या युक्तिवादाच्या विरोधात जातो. संरक्षणाने मालक थांबले नाहीत. आय-लीगमधील दोन क्लबांना सवलत होती, आयएसएलमधील क्लबला तर खाली जाण्याचा धोकाच नव्हता. तरी पैशाचे गणित बिघडताच तिघेही गेले. संरक्षणाने क्लब वाचला नाही, फक्त गुणतक्त्यातील शेवटच्या स्थानाला अर्थ उरला नाही. चाहत्याच्या दृष्टीने हे दुहेरी नुकसान ठरले. हंगाम सुरू असताना वाचण्याच्या झुंजीचा थरार नाही आणि हंगामानंतर परतण्याची आशाही नाही.

तरीही पुरस्कार द्यायचेच तर?

बालेवाडीच्या त्या दशकासाठी यादी करायचीच, तर ती काहीशी अशी होईल.

• सर्वोत्तम हंगाम : पुणे एफसीचा २०१२-१३ चा. विजेतेपद चर्चिल ब्रदर्सने नेले, पण पुण्याचा संघ त्याच्या इतका जवळ पुन्हा कधी गेला नाही.

• सर्वोत्तम प्रशिक्षक : खालिद जमील. पुण्याचे नसले तरी बालेवाडीत त्यांनी झुंजारपणा दाखवला. २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

• सर्वात महागडी सवलत : शेवटच्या संघाला न पडू देण्याची. तिची किंमत धेंपो आणि ऐजॉलने मोजली.

• न झालेला निरोप : एफसी पुणे सिटीचा. लेस्टरच्या चाहत्यांना वार्डीला उभे राहून टाळ्या वाजवता आल्या. पुण्याच्या चाहत्यांना आपला शेवटचा सामना कोणता, हे तो संपून गेल्यावर कळले.

पुढे काय?

लंडनमधील विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्स शहरात हलवण्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा एएफसी विम्बल्डन स्थापन केला. तो थेट नवव्या श्रेणीतून खेळू लागला आणि ९ वर्षांत चौथ्या श्रेणीत पोहोचला. पुण्यात तसेच घडावे अशी अपेक्षा भाबडी ठरेल. तिथे चाहत्यांना सुरुवात करायला नववी श्रेणी होती, हा त्या कथेतला महत्त्वाचा भाग. पुण्यातही जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग आहे आणि त्यात स्थानिक क्लब वर्षानुवर्षे खेळत आले आहेत. शिडीची खालची पायरी तीच. पुढचा उद्योगसमूह नवा संघ घेऊन येईल तेव्हा त्याला थेट वरच्या मजल्यावर जागा आणि वर संरक्षण देण्याऐवजी याच पायरीवरून चढायला सांगणे शहाणपणाचे ठरेल. चढताना वेळ लागेल, पण घसरलाच तर त्याला ओळखणारी माणसे खाली असतील.

माणहून शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रो मार्गावर एका स्थानकाला बालेवाडी स्टेडियमचे नाव आहे. उद्या तिथे उतरून कोणी आपल्या संघाला हरताना पाहील, तो खालच्या श्रेणीत गेला म्हणून हळहळेल आणि रात्री मोबाइलवर ‘वर्षातील सर्वात वाईट पेनल्टी’चा पुरस्कार जाहीर करेल, तेव्हा पुण्यात फुटबॉल रुजला असे म्हणता येईल. खाली जाण्याची सोय असलेल्या क्लबलाच वर येण्याची वाट असते.