आधी फाया, मग कुपी

रमजानात विजापूर वेशीचा मीना बाजार भरला की शाळेतल्या मुली अत्तराच्या स्टॉलपाशी रेंगाळतात. फाये हुंगतात, हात पुढे करतात, घेत काही नाहीत. मग घरी बोलणी : "घ्यायचं नव्हतं तर लावून कशाला बघितलंस?"

मला विचाराल तर अत्तर घ्यायची हीच खरी रीत. कन्नौजचं जुन्या पद्धतीचं अत्तर देग-भपक्यातून चंदनाच्या तेलात उतरवतात. अल्कोहोल नसल्यामुळे त्याचा वास सावकाश उलगडतो. लावताक्षणी उग्र वाटलेला हिना अर्ध्या तासाने मऊ होतो. मिट्टीचं अत्तर भाजलेल्या मातीचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पावसाआधीच पाऊस! एका वेळी दोन-तीनच वास घ्या, पुढे नाक थकतं. लिपस्टिकचा नमुना मात्र ओठांना नको, हातावरच पाहा. आधी किती जणींनी लावलाय कोण जाणे.

आपल्या बायकांचा बाजार म्हणजे यादी : शेवया, खजूर, पोरांचे कपडे. बिनयादीचा तासभर त्यांना मिळतो कधी? नणंदेला, लेकीला घेऊन जा. काही न घेता परत या. सकाळीही ओढणीला ज्याचा वास राहील, त्याची छोटी कुपी ईदआधी आणा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, तर शेजारचा स्टॉल आहेच.