सोडलेली शर्यत

फराळाचे ताट पुढे आले की आपण कधी निवड करीत नाही. करंजी घेतली म्हणून चकली नाकारली, असा गृहस्थ आमच्या तरी पाहण्यात नाही. दिवाळीत ते शोभतेही. पोट बिघडलेच तर फडताळात ओवा असतो. पण ज्याच्यापुढे शर्यतींचे ताट वाढून ठेवलेले असते, त्याला ही चैन परवडत नाही.

वाचकहो, आज बोलायचे आहे ते पट्टीच्या पोहणाऱ्यांविषयी. त्यांना एकाच वेळी पाच-सहा शर्यती खुणावीत असतात. अंतर निराळे, हात मारण्याची तऱ्हा निराळी. पण अंग मात्र एकच. शिवाय ऑलिंपिकमधली २०० मीटरची शर्यत म्हणजे एकदा पाण्यात उतरून मोकळे होणे नव्हे. सकाळी प्राथमिक फेरी, त्याच संध्याकाळी उपांत्य फेरी, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी. एका पदकासाठी तीन वेळा जिवाच्या आकांताने पोहायचे! तेव्हा कोणती शर्यत घ्यावी यापेक्षा कोणती सोडावी, हाच प्रश्न अधिक अवघड.

२०२४ साली पॅरिसला लेऑन मार्शां या २२ वर्षांच्या फ्रेंच तरुणाने मोठा भारा उचलला. २०० आणि ४०० मीटर मेडली, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायची शर्यत. शिवाय २०० मीटर बटरफ्लाय आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक. या शेवटच्या दोन शर्यतींच्या अंतिम फेऱ्या ३१ जुलैच्या एकाच संध्याकाळी, दोन तासांच्याही आत होत्या. आदल्या दिवशी तर सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा त्याला पोहावे लागले. बटरफ्लायमध्ये खांदे पिळवटून निघतात, ब्रेस्टस्ट्रोकचा भार पायांवर पडतो. दोन्हींत अव्वल असणारा माणूस विरळाच. बटरफ्लायच्या जागतिक विक्रमाचा मानकरी, हंगेरीचा क्रिश्तोफ मिलाक, शेवटचे ५० मीटर उरेपर्यंत पुढे होता. तिथे मार्शांने त्याला गाठले आणि १ मिनिट ५१.२१ सेकंदांत शर्यत जिंकली. त्याच रात्री २ मिनिटे ५.८५ सेकंदांत त्याने ब्रेस्टस्ट्रोकही मारली. एकाच ऑलिंपिकमध्ये या दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिलाच. चारही शर्यतींची सुवर्णपदके त्याने नेली.

मराठी शिकवणाऱ्याला इथे एक म्हण आडवी येते: ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ पसारा मांडणाऱ्या मुलाच्या अंगावर ती टाकण्याची आपली जुनी रीत आहे. पण तिचे शब्द नीट पाहा. तिचा राग भाराभर असण्यावर नाही. एकही धड नसण्यावर आहे. मार्शांच्या भाऱ्यात चार वस्त्रे होती, आणि चारही धड होती.

गोष्ट इथेच संपली असती तर ती नुसत्या पराक्रमाची झाली असती. पुढच्या वर्षी, २०२५ साली, सिंगापूरला जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या. ज्यांच्यासाठी जगाने टाळ्या वाजवल्या होत्या, त्या बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोक या दोन्ही शर्यती त्याने सोडून दिल्या! वैयक्तिक शर्यतींपैकी दोन मेडलीच तेवढ्या ठेवल्या. डोळा होता तो २०० मीटर मेडलीच्या विक्रमावर. अमेरिकेच्या रायन लॉक्टीने २०११ साली १ मिनिट ५४ सेकंदांचा तो विक्रम केला होता. मार्शांने उपांत्य फेरीतच १ मिनिट ५२.६९ सेकंदांची नोंद केली. जिथे सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यावर पदके ठरतात, तिथे हे १.३१ सेकंद म्हणजे केवढी मजल! दोन्ही मेडलींचे सुवर्णपदकही त्यालाच मिळाले.

त्याच तलावात कॅनडाची समर मॅकिंटॉश नेमकी उलट वाटेने गेली. २०२४ च्या फेब्रुवारीत तिने ८०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये केटी लेडेकीला हरवले होते. तरीही पॅरिसला ती शर्यत तिने सोडली, आणि इतर शर्यतींत ३ सुवर्ण व १ रौप्य मिळवले. सिंगापूरला मात्र ८०० मीटरही घेतली. पाच सुवर्णपदकांचा मनसुबा होता. मिळाली चार. ८०० मीटरला लेडेकी पहिली, ऑस्ट्रेलियाची लानी पॅलिस्टर दुसरी आणि मॅकिंटॉश तिसरी. मुलीचे वय १८! दुसऱ्या दिवशी तीच मुलगी पुन्हा पाण्यात उतरली आणि ४०० मीटर मेडली जिंकली. मग तिचे चुकले काय? आम्हांला तसे वाटत नाही. लेडेकीशी झुंजण्याची हौस पदकांच्या वहीत मांडता येत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

आपल्याकडे नाव मागे घेणाऱ्याकडे मात्र मोठ्या चमत्कारिक नजरेने पाहतात. कॉलेजात गॅदरिंगच्या नाटकासाठी कोणी वक्तृत्वस्पर्धेतून अंग काढून घेतले, की ‘टरकला!’ म्हणून वर्गभर होते. घरी मुलाने तबला सोडतो म्हटले, की आईबापांना आधी भरलेली फी आठवते. भीतीने सोडणे असते, तसे ओढीनेही सोडणे असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मार्शांचा विक्रम झाला म्हणून त्याचे सोडणे आज शहाणपणाचे वाटते. तो हुकला असता तर ‘हातची दोन पदके घालवली,’ असे म्हणायला आपणच पुढे झालो असतो. पण निर्णय आधी घ्यावा लागतो आणि घड्याळ मागाहून बोलते. मधल्या काळात ज्याचे त्यालाच ते ओझे वाहावे लागते.

म्हणून या सुटीत मुलाने एखादी गोष्ट सोडतो म्हटले, तर ‘का सोडतोस?’ असे विचारण्याऐवजी ‘कशासाठी सोडतोस?’ असे विचारून पाहावे. तो अडखळला, तर त्याला अजून थोडे दिवस पोहू द्यावे. उत्तर झटकन् आले, तर भरलेली फी खुशाल विसरून जावी.