तागडीचा आवाज



चातुर्मासाच्या आरंभी पुण्याला भाच्याकडे चार दिवस मुक्काम होता. एके सायंकाळी त्याची दहा वर्षांची कन्या शाळेच्या सहलीहून परतली ती एक प्रश्न घेऊनच. "आजोबा, शनिवारवाड्यात पौर्णिमेच्या रात्री अजून 'काका, मला वाचवा' असं ऐकू येतं, हे खरं का?" उत्तर देण्याच्या आत तिचे वडील हसून म्हणाले, "वेडी आहेस का? भूतबीत काही नसतं."

त्याच रात्री जेवणानंतर भाच्याने माझ्यापुढे एक व्यवहार मांडला. बाजारपेठेतील एक गाळा विकाऊ होता आणि भाव चालू दरापेक्षा पुष्कळच कमी होता. कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, लोक म्हणतात ती जागा बरी नाही. तिथे कोणी टिकत नाही. आपण कुठे असलं मानतो? आपल्याला तर फायदाच आहे."

मुलीला दिलेले उत्तर आणि मला सांगितलेला फायदा यांचा मेळ काही केल्या माझ्या मनात बसेना. आजचे टिपण त्यासंबंधी आहे.

प्रथम शनिवारवाडा. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अवघे अठरा. पगार थकल्याच्या निमित्ताने गारदी वाड्यात घुसले. जीव वाचविण्यासाठी नारायणराव धावत चुलत्याकडे, म्हणजे रघुनाथरावांकडे गेले आणि तेथेच मारले गेले. 'धरावे'चे 'मारावे' केल्याची कथा लोकांनी इतकी उचलून धरली, की 'ध चा मा करणे' हा मराठीत वाक्प्रचारच होऊन बसला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरविले. परंतु ठरविलेली शिक्षा काही झाली नाही. पुढे १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतील इमारती जळाल्या. आज तट, दरवाजे, जोती आणि कारंजी उरली आहेत. आणि उरली आहे ती हाक.

आपले शास्त्र याविषयी काय सांगते? तत्त्वार्थसूत्रात व्यंतर देवांचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत भूत व पिशाच ही नावे आहेत. तेव्हा 'असे काही नसतेच' हे उत्तर आपल्या परंपरेचे नव्हे. परंतु व्यंतर हीसुद्धा कर्माने बांधलेली, आयुष्य संपताच पुढे जाणारी एक गती आहे. मृत्यूनंतर जीव देह सोडतो आणि मोजक्या समयांत नवा जन्म घेतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच असे असंख्य समय उलटतात. म्हणजे अडीचशे वर्षे देहावाचून दालनांतून भटकणाऱ्या अतृप्त आत्म्याला आपल्या सिद्धांतात जागाच नाही. मग ती हाक कोणाची?

येथे मला शूलपाणी यक्षाची कथा आठवते. श्वेतांबर परंपरेतील महावीरचरित्रात ती येते. धनदेव नावाच्या व्यापाऱ्याच्या पाचशे गाड्या नदीच्या चिखलात रुतल्या. एका बैलाने त्या सर्व ओढून पार केल्या आणि तो कायमचा जायबंदी झाला. व्यापाऱ्याने त्याच्या चारापाण्यासाठी गावकऱ्यांच्या हाती पैसे ठेवले आणि तो पुढे गेला. गावकऱ्यांनी पैसे ठेवून घेतले, चारा मात्र घातला नाही. बैल तडफडून मेला आणि यक्ष झाला. गावावर असा कोप झाला, की हाडांचे ढीग साचून त्याचे नाव अस्थिकग्राम पडले. प्रभूंनी त्या यक्षाच्या स्थानी एक रात्र ध्यानात काढली, त्याचे सर्व उपसर्ग समभावाने सोसले, आणि यक्ष शांत झाला.

व्यापाऱ्याच्या नजरेने वाचली, तर ही अपहार केलेल्या अनामतीची कथा आहे. शनिवारवाड्याची कथा तरी काय निराळी? ज्याच्या आश्रयाला पुतण्या धावला, त्याच्याच दारी विश्वासघात झाला. भुताच्या बहुतेक गोष्टींच्या बुडाशी असा एखादा न मिटलेला हिशेब सापडतो.

माझ्याही वहीत असा एक हिशेब आहे. नोकरीच्या काळात एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. पेठेतील एका किराणा दुकानदाराचे हृदयविकाराने दुकानातच निधन झाले. दुकान आमच्याकडे तारण होते. ते विकून कर्ज फेडावे आणि उरलेल्या रकमेत मुलांचे शिक्षण करावे, असा त्याच्या पत्नीचा विचार होता. इतक्यात बोलवा उठली, की रात्री बंद दुकानातून तागडीचा आवाज येतो. एकेक गिऱ्हाईक मागे फिरले. अखेर पेठेतल्याच एका व्यापाऱ्याने निम्म्या किमतीला दुकान घेतले. बँकेचे कर्ज फिटले, त्या माउलीच्या हाती मात्र नाममात्र रक्कम आली. महिनाभरात दुकान जोरात सुरू झाले. आवाजाचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

वाचकहो, आवाज खोटा नव्हता. शिल्लक मालाच्या तपासणीसाठी दुकान उघडले तेव्हा मी तो स्वतः ऐकला होता. मागच्या खिडकीची काच फुटली होती आणि वारा आला की टांगलेली तागडी भिंतीवर आपटत होती. मी शिपायाला ते दाखविले, आम्ही दोघे हसलो आणि कुलूप लावून निघून आलो. पेठेत उभे राहून चार शब्द बोललो असतो, तर कदाचित त्या घराचे निम्मे मोल वाचले असते. परंतु ते बँकेचे काम नव्हे, असे मला वाटले. बोलवा कोणी उठविली हे मला ठाऊक नाही. लाभ कोणाला झाला, ते खरेदीखतात स्पष्ट लिहिलेले होते.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिक मानोन्मान' सांगितले आहे : घेताना जास्तीचे माप, देताना कमी. अफवा हेही तसलेच खोटे वजन आहे. ते पारड्यात टाकणारा दोषी आहेच. पण ते खोटे आहे हे जाणूनही त्या मापाने माल घेणारा निर्दोष कसा?

म्हणून भाच्याला एवढेच विचारले, "तू मानत नाहीस ना? मग सवलत कशाची घेतोस?" तो बराच वेळ गप्प राहिला. आठवड्याने त्याचा फोन आला. "मामा, नोंदणीकृत मूल्यांककाकडून गाळ्याची किंमत काढून घेतली. वकिलांकडून मालकी हक्काचा तीस वर्षांचा शोध घेतोय. निर्वेध निघाला, तर त्याच किमतीला मागणी घालीन. परवडलं तर घेऊ, नाही तर सोडून देऊ." व्यवहार होवो अथवा न होवो, माझी काळजी मिटली.

नातीलाही उत्तर द्यायचे राहिले होते. तिला सांगितले, "बाळ, तो आवाज वाड्यातून येत नाही. ज्याला वाचवायला हवे होते त्याला कोणी वाचवले नाही, याची लोकांना अजून टोचणी आहे, म्हणून तो ऐकू येतो."

पर्युषण जवळ आले आहे. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणताना आपण अनेकांची क्षमा मागतो. त्या माउलीचा पत्ता आज माझ्याजवळ नाही. पण दरवर्षी प्रतिक्रमणाला बसलो, की तागडीचा तो आवाज मला एकदा तरी ऐकू येतोच.