विश्लेषण : कोर्टातल्या ‘उबुंटू’ला अपडेट का हवे?

यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात असो की पुसद, दारव्हा, पांढरकवड्याला, खटल्याची पुढची तारीख आता संगणकावर नोंदली जाते. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरातील कनिष्ठ न्यायालयांसाठी उबुंटू ही लिनक्सवर आधारित मोफत प्रणाली निवडली गेली. खटल्यांच्या नोंदीचे ‘सीआयएस’ सॉफ्टवेअर पुण्याच्या ‘एनआयसी’ने तयार केले. परवान्याचा खर्च वाचला. देखभालीची जबाबदारी मात्र टळलेली नाही.

लिनक्सला धोका नसतो?

हा गैरसमज आहे. विंडोजच्या तुलनेत व्हायरस कमी, एवढेच खरे. ब्राउझर हा सर्वांत उघडा दरवाजा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये फायरफॉक्समधील एका त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचे उघड झाले. मोझिलाने तातडीने १३१.०.२ ही आवृत्ती आणली. पण ज्याने ती घेतलीच नाही, त्याच्यासाठी दुरुस्ती असून नसल्यासारखीच.

गोंधळ कुठे होतो?

‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा दिली की काम झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिने फक्त पॅकेजची यादी ताजी होते. नवी पॅकेज बसतात ती ‘ॲप्ट अपग्रेड’ने. शिवाय उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स ‘स्नॅप’ स्वरूपात येतो. तो ‘स्नॅप रिफ्रेश’ने बदलतो. हे आपोआप घडते. पण ब्राउझर सतत उघडाच राहिला तर काही दिवस लांबते. त्यामुळे काम संपल्यावर तो बंद करणे ही साधी सवयही मोलाची.

आवृत्तीच जुनी असेल तर?

उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे नियमित सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. १८.०४ ची मुदत मे २०२३ मध्ये, तर २०.०४ ची मे २०२५ मध्ये संपली. त्यापुढे वाढीव सेवा घेतली नसेल, तर अपग्रेडची आज्ञा कोणतीही चूक न दाखवता ‘नवीन काही नाही’ एवढेच सांगते. सारे ठीक आहे असे वाटते आणि खरा धोका तिथेच असतो.

मग करायचे काय?

अपडेट हे लिपिकाच्या सवडीवर सोडण्याचे काम नव्हे. महिन्यातला एक दिवस ठरावा, जबाबदार व्यक्ती नेमलेली असावी. आधी बॅकअप, मग एका संगणकावर चाचणी, नंतर बाकीचे. मध्येच वीज गेली तर पॅकेज अर्धवट बसतात, म्हणून यूपीएस चालू हवा. संगणक अडला की नुकसान कार्यालयाचे कमी, दिवसाची मजुरी बुडवून एसटीने तारखेला आलेल्या पक्षकाराचे जास्त होते.