बाहेरचे म्हणजे कोण?

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण अर्धी वाचून "सहमत" लिहू नका.

"आयडी?"

दाखवलं. पत्रकाराचं ओळखपत्र आणि आधार कार्ड, दोन्ही.

"हे नाही. इथलं. स्टुडंट का प्रोफेसर?"

"दोन्ही नाही. पत्रकार आहे. अकोला जिल्ह्यातून आलो."

"मग बाहेरचे. बाहेरच्यांना प्रवेश नाही."

एका मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दारातला हा संवाद. कोणतं विद्यापीठ ते लिहीत नाही. दारावरच्या माणसानं त्याची नोकरी केली, त्याचा राग नाही. आणि नाव लिहिलं की सगळी चर्चा त्या एका दारावर अडकते. दार एक नाही. मुंबई-पुण्याच्या चार दिवसांच्या फेरीत मी ग्रंथालयंच पाहत फिरलो. लग्नाला गेलो होतो, लग्न एका दिवसात उरकलं, उरलेले दिवस यात घातले. बायको म्हणाली, लोक मुंबईले जाऊन समुद्र पाहतात, तुम्ही कपाटं पाहा.

तर काय पाहिलं ते आधी सांगतो, कारण पाहण्यासारखं खरंच आहे.

फोर्टात टाउन हॉल आहे. १८३३ सालची इमारत, समोर रुंद पायऱ्या आणि जाडजूड खांब. त्यात एशियाटिक सोसायटी, जिची सुरुवात १८०४ ची. दान्ते नावाच्या इटालियन कवीच्या महाकाव्याचं जुनं हस्तलिखित तिच्याकडे आहे. राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालयही त्याच इमारतीत. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी, मागं झाडांचा बगीचा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून पाच वर्षांनी मोठं. पुण्यात नगर वाचन मंदिर १८४८ चं, विद्यापीठात जयकर ग्रंथालय, आणि भांडारकर संस्था तर सगळ्यांना ठाऊकच. एका शहरात इतकी पुस्तकं की माणसाला सात जन्म पुरणार नाहीत. पंख्याखाली डुलक्या घेणारे म्हातारेही पाहिले, तेही मला आवडले. डुलकी घ्यायला का होईना, सार्वजनिक खुर्ची आहे ना.

मग राजाबाई टॉवर. मुंबई विद्यापीठाचा मनोरा, १८७८ साली पूर्ण झाला, खाली ग्रंथालय. हा बांधला कोणाच्या पैशानं? प्रेमचंद रायचंद. आईचं नाव त्यांनी मनोऱ्याला दिलं. आणि प्रेमचंद रायचंदांकडे पैसा आला कुठून? कापसातून. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, मुंबईचा भाव आभाळाला भिडला. त्या तेजीत मुंबईच्या बंदरावर गेलेल्या गाठींत आपल्या वऱ्हाडचाही कापूस होता. आपल्या काळ्या मातीतला, आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी वेचलेला. त्याच्यासाठीच तर इंग्रजानं रेल्वे इकडं आणली आणि जलंब-खामगाव असा आठ मैलांचा फाटा काढला.

मी मनोऱ्याखाली उभा राहून हेच म्हणत होतो की बाप्पा, यातली काही वीट आपली पण आहे.

भावनिक होऊन लिहीत नाही, हिशेब मांडतो. सरकारी विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे, ग्रंथपालांचे पगार राज्याच्या तिजोरीतून होतात. त्या तिजोरीत तेल्हाऱ्यातला माणूस साबणापासून मोटारसायकलीपर्यंत प्रत्येक वस्तूवर जीएसटी भरतो. पगार द्यायला आम्ही आतले आणि पुस्तक मागायला बाहेरचे, हा कोणता हिशेब?

आता खरी गोष्ट. मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ती.

आमच्या ओळखीतली एक मुलगी आहे. तालुक्यातल्याच एका गावची, एमए करते, विषय इतिहास. बापाची चार एकर, त्यात कपाशी आणि तूर. मी मुंबईला चाललो हे कळल्यावर घरी आली. म्हणे, "काका, या. मा. काळ्यांचं 'वऱ्हाडचा इतिहास' भेटलं तर पाहाल का? नुसती पानं मोबाईलवर आणली तरी चालते." तिला जुन्या वऱ्हाडवर काहीतरी लिहायचं आहे. कॉलेजात पुस्तक नाही. दुकानात विचारायची सोय नाही, जुनं पुस्तक आहे. अमरावतीला विद्यापीठात असेल म्हणता, तर तेल्हाऱ्याहून एसटीनं अमरावती म्हणजे जाण्यात अर्धा दिवस आणि येण्यात अर्धा, मधे पुस्तक वाचायला उरतो किती वेळ? मुक्कामाला घरचे सोडत नाहीत. सोडत नाहीत हे बरोबर की चूक यावर नंतर भांडू, पण आज सोडत नाहीत.

वऱ्हाडातल्या माणसानं वऱ्हाडचा इतिहास लिहिला. वऱ्हाडातल्या पोरीला तो वाचायचा आहे. आणि त्यासाठी शेगावहून अमरावती-मुंबई एक्स्प्रेस धरून दादरला जाणारा एक काका ओळखीत असावा लागतो. काका नसलेल्या पोरींचं काय?

पुस्तक दादरच्या एका जुन्या ग्रंथालयात भेटलं. बांधणी खिळखिळी, म्हणून फोटो काढू दिले नाहीत. नियम रास्तच आहे. वहीत उतरवून घेतलं, अकरा पानं झाली, मग बोटं दुखायला लागली. नववीनंतर इतकं कधी लिहिलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, सायेब, मोबाईलवर सगळं आहे, कशाला रडता. सगळं नाही, थोडं आहे, आणि जे आहे त्याचा मी फायदा घेतो. लायलनं १८७० साली लिहिलेलं वऱ्हाडचं गॅझेटियर नेटवर फुकट आहे. विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेवर आहेत. पण जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या फायली, जमाबंदीचे अहवाल, खारपाणपट्ट्यावरची जुनी टिपणं असं बरंच काही अजून कपाटांतच आहे. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, जगभरची महागडी संशोधन नियतकालिकं त्यातून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मिळतात. चांगली योजना. पण सार्वजनिक वाचनालय त्यात नाही. पैसे नेशनचे, सबस्क्रिप्शन संस्थांचं. तेल्हाऱ्यातला शिक्षक, वकील, केळीवरच्या रोगाचा शोध घेणारा शेतकरी पुन्हा बाहेरचाच.

आणखी एक कायदा पाहा. १९५४ चा. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकानं स्वखर्चानं ठरावीक चार ग्रंथालयांना पाठवायची: कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. म्हणजे अकोल्यात छापलेलं पुस्तकही कायद्यानं मुंबईला जायला पाहिजे. जाऊ द्या, जपलं जाईल. पण तेच पुस्तक अकोला जिल्ह्यातल्या वाचकापर्यंत आलं पाहिजे, असं सांगणारा कायदा कोणता? कोणताच नाही.

आपल्या राज्याचा स्वतःचा ग्रंथालय कायदा आहे, १९६७ चा. त्याच्या आधी १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालयाचा कायदा केला होता, देशात सगळ्यात आधी म्हणतात तो. मद्रासनं १९४८ ला केला, कर्नाटकानं १९६५ ला. या दोघांनी घरपट्टीवर ग्रंथालय उपकर लावला. थोडा का असेना, पुस्तकासाठी वेगळा, हक्काचा पैसा. कर्नाटकात महापालिका तो वसूल करून खात्याला वेळेवर देत नाहीत ही ओरड आहेच, पण निदान मागायला आकडा तरी आहे. महाराष्ट्रानं उपकर लावला नाही. आपल्याकडे गावातल्या चार लोकांनी संस्था काढायची, जागा शोधायची आणि सरकारनं अनुदान टाकायचं. अ, ब, क, ड असे वर्ग. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली, तिचा गाजावाजाही झाला. वाढीनंतरही ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला पन्नास हजारांच्या आतच मिळतात. त्यातले निम्मे पगारासाठी, पाव हिस्सा पुस्तकांसाठी, पाव इतर खर्चाला. करा भागाकार. ग्रंथपालाला महिन्याला दोन हजार. रोजंदारीवर निंदायला गेलेली बाई सात-आठ दिवसांत तेवढे कमावते. आणि आपण विचारतो, वाचनालय संध्याकाळी उघडं का नसते?

इथं आपलीही धुलाई केली पाहिजे, नाहीतर पोस्ट एकतर्फी होईल. २०१२ साली सरकारनं महसूल खात्याकडून राज्यभर वाचनालयांची पडताळणी केली आणि कितीतरी वाचनालयं कागदावर निघाली. अध्यक्ष नवरा, सचिव बायको, वाचक मतदार यादीतले, पुस्तकं तपासणीपुरती शेजारच्या गावातून आणलेली. हे मंत्रालयातल्यांनी केलं नव्हतं, आपल्याच पुढाऱ्यांनी केलं होतं. त्यानंतर सरकारनं कित्येक वर्षं नव्या मान्यता आणि वर्गवाढ बंद ठेवली. चोरांमुळे दुकान बंद आणि उपाशी मात्र गिऱ्हाईक. इमानदारीनं चालणारी वाचनालयंही त्यात होरपळली, त्यांची नावं कोणी घेत नाही.

राज्यघटनेच्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपवण्याजोगे २९ विषय आहेत, त्यात ग्रंथालय हा एक. ग्रामसभेत गेल्या पाच वर्षांत कोणी हा विषय काढला का, स्वतःला विचारा. सभामंडप काढतो, पेव्हर ब्लॉक काढतो, ओपन जिम काढतो. ओपन जिमवर आता कपडे वाळतात.

त्या जागी काय उगवलं? अभ्यासिका. महिन्याची फी, एक खुर्ची, एक प्लग, वायफाय. पोलीस भरती आणि तलाठीवाली पोरं सकाळी सहापासून बसतात. मी अभ्यासिकेच्या विरोधात नाही, घरात शांतता नाही म्हणून पोरं जातात. पण तिथं पुस्तक नसते, ते ज्याचं त्यानं आणायचं. ज्याच्या बापाला परवडते तो पुण्याला सदाशिव पेठेत कॉट भाड्यानं घेतो, ज्याला परवडत नाही तो इथं प्लग भाड्यानं घेतो.

दुसरीकडे काय होऊ शकते ते सांगतो. चेन्नईत २०१० साली अण्णा शताब्दी ग्रंथालय उभं राहिलं, नऊ मजल्यांचं. पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि नव्या सरकारनं तिथं हॉस्पिटल करतो म्हटलं. लोक कोर्टात गेले, हायकोर्टानं रोखलं. तिथं कोणीही जाऊन बसू शकते, स्वतःचं पुस्तक घेऊन बसणाऱ्यांसाठीही वेगळी जागा आहे. मग २०२३ मध्ये तसंच मोठं ग्रंथालय राजधानीबाहेर मदुराईत बांधलं. आपल्याकडे असं भव्य काही कधी मुंबई-पुण्याबाहेर काढायचा विचार झाला? भिलारचं पुस्तकांचं गाव छान आहे, पण ते महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर. पर्यटकाला पुस्तक भेटते, पोट्ट्याला नाही.

मला मदुराईसारखी इमारत नको. इमारत मागितली की टेंडर निघते, आणि टेंडर निघालं की पुस्तकाचं काय होते ते आपण जाणतो. माझी मागणी स्वस्त आहे. संत गाडगे बाबांच्या नावाचं विद्यापीठ आपल्या पाच जिल्ह्यांचं आहे, त्याच्या ग्रंथालयाला डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव आहे. त्या दोघांच्या नावाला शोभेल असा नियम करा: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम इथल्या कोणत्याही नागरिकाला आधार कार्डावर वाचक म्हणून बसता आलं पाहिजे. फी घ्या, अनामत घ्या, बॅग बाहेर ठेवा. पण "बाहेरचे" म्हणू नका. दुसरं, जो विद्यार्थी संलग्न कॉलेजातून परीक्षा फी भरतो त्याच्या कॉलेजात पुस्तक पोचलं पाहिजे. एसटीच्या पार्सलनं औषधं येतात, मोटारचे पार्ट येतात, मग पुस्तक काहून येत नाही? रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, अजून नवीन आहे, तिथल्या सवयी बनायच्या आहेत. लीळाचरित्राशी नातं सांगणाऱ्या त्या गावातलं ग्रंथालय पहिल्या दिवसापासून गावकऱ्याला उघडं ठेवा. नंतर नियम बदलणं फार जड जाते.

आणि तालुक्याच्या ठिकाणी एक खोली, एक पूर्णवेळ ग्रंथपाल, रात्री नऊपर्यंत दिवा. त्याचा पगार नगरपरिषदेनं द्यावा की सरकारनं, ते त्यांनी ठरवावं. दोन हजारात नाही.

मुलीला अकरा पानं दिली. तिनं दोन दिवसांत वाचून फोन केला, पुढचं प्रकरण कधी आणता म्हणून.

निवेदनाचा मसुदा तयार आहे, विद्यापीठाला एक आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना एक. रविवारी संध्याकाळी पाचपासून बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर मी बसतो. वाचा, चूक असेल तिथं खोडा, पटलं तर सही करा. ओळखपत्र लागणार नाही.