स्थिर झालेला वाहक वाहतो का?

जीवाणूंच्या पेशीपटलातील वाहक प्रथिने पटलात असतात तोवर सुखरूप असतात. डिटर्जंटने बाहेर काढली की मेदरेणूंचा आधार सुटतो, भोवती मायसेलचे सैल कडे तेवढे उरते आणि शीतगृहात ४ अंशांवर ठेवूनही प्रथिनाच्या गुठळ्या होऊ लागतात. उष्णतास्थैर्य वाढवायचे ते यासाठी. वाहकाला उकळत्या पाण्यात काम करायचे नसते. शुद्धीकरण आणि स्फटिकीकरण पार पडेपर्यंत त्याने तग धरावा, एवढीच अपेक्षा असते.

स्थैर्य मोजण्याच्या पद्धती आता सोप्या झाल्या आहेत. सीपीएम हे रंजक मोकळ्या सिस्टीनला चिकटले तरच चमकते. तापमान चढत जाते तशी सर्पिले उकलतात, आत दडलेली सिस्टीन उघडी पडतात आणि चमक वाढते. त्या वक्राच्या मध्यावर वितळण तापमान मिळते. आत सिस्टीनच नसेल तर ही पद्धत निरुपयोगी. तिथे वाहकाला जीएफपी हे चमकणारे प्रथिन जोडून नमुना तापवतात, गुठळ्या फिरवून खाली बसवतात आणि वर किती चमक उरली ते पाहतात. जीएफपी स्वतः ७० अंशांच्या पुढेही टिकते, म्हणून ही युक्ती चालते.

मात्र वितळण तापमान वाढले म्हणजे काम फत्ते झाले, असे मानणे घातक आहे. ई. कोलायचा लॅक्टोज वाहक लॅकवाय हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. त्याच्या पाचव्या सर्पिलातील १५४ क्रमांकाच्या सिस्टीनजागी ग्लायसीन घातले की पहिले आणि पाचवे सर्पिल एकमेकांना अधिक घट्ट बिलगतात. प्रथिन स्थिर होते, गुठळ्या कमी होतात. याच म्युटंटमुळे २००३ मध्ये रोनाल्ड कॅबॅक आणि सहकाऱ्यांना ३.५ अँगस्ट्रॉमची रचना मिळाली. पण हा म्युटंट साखर नीट धरतो, पलीकडे मात्र जवळजवळ नेतच नाही. वाहकाला बाहेर उघडी आणि आत उघडी अशा अवस्थांमध्ये झुलावे लागते. त्यांतील एकच अवस्था फार पक्की केली की झोका थांबतो. मूळ प्रथिनाची रचना २००७ मध्ये मिळाली, तिची ठेवण तीच निघाली, तेव्हा पहिल्या रचनेवरचा विश्वास पक्का झाला. अशी पडताळणी प्रत्येक म्युटंटच्या वाट्याला येत नाही.

उष्णताप्रेमी जीवाणूंतील वाहक निवडणे हा दुसरा मार्ग. अ‍ॅक्विफेक्स एओलिकसच्या ल्यूटी या वाहकाने २००५ मध्ये १.६५ अँगस्ट्रॉमची रचना दिली. मात्र अशी प्रथिने सामान्य तापमानाला बहुधा मंद चालतात, हे गतीचे आकडे वाचताना विसरता कामा नये.

डिटर्जंट बदलणे, मेद घालणे, सब्स्ट्रेट सोबत ठेवणे हे सौम्य उपाय आधी करून पाहावेत. जनुकाला हात त्यानंतर लावावा. आणि स्थिर म्युटंटचा अहवाल लिहिताना वितळण तापमानाशेजारी बंधनाचा आणि लायपोसोममधील वहनाचा आकडाही द्यावा, तो शून्य आला तरी द्यावा.