सुईला निरोप द्यायची घाई नको

"आता इन्शुलिनचं इंजेक्शन विसरा, नुसतं त्वचेवर लावा!" अशा बातम्या दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. मग ओपीडीत ठरलेला प्रश्न येतो: "डॉक्टर, ते औषध येईपर्यंत इन्शुलिन पुढे ढकललं तर चालेल ना?"

नाही चालणार. का, ते सांगतो, कारण बातमी पूर्ण खोटी नसते आणि म्हणूनच ती जास्त घातक ठरते.

या बातम्यांमागे बहुतेक वेळा 'आयोनिक लिक्विड' असतं, म्हणजे द्रवरूप क्षार. आपलं रोजचं मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पण क्षारातले कण मोठे आणि वेडेवाकडे असले, तर ते एकमेकांत नीट बसत नाहीत, स्फटिक होत नाही आणि क्षार साध्या तापमानालाही पातळ राहतो. (नावात 'आयोनिक' आहे म्हणून बाजारातल्या ब्रेसलेटशी त्याचं नातं जोडू नका.) यातलं सर्वात गाजलेलं द्रावण 'केज'. अंड्यात सापडणारं कोलीन आणि गवती चहात सापडणारं जिरॅनिक आम्ल यांपासून ते बनतं. हे काम समीर मित्रगोत्री यांच्या गटाचं, आधी कॅलिफोर्नियात आणि नंतर हार्वर्डमध्ये. मित्रगोत्री मुंबईच्या यूडीसीटीचे विद्यार्थी, याचा अभिमान जरूर बाळगा.

आता त्वचेकडे बघू. तिचा सर्वात वरचा थर केसापेक्षाही पातळ, पण भिंतीसारखा आहे: मृत पेशींच्या विटा आणि मधे चरबीचा गिलावा. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू यातून सहसा जात नाही. निकोटीन, नायट्रोग्लिसरीन, फेंटानिल यांचे पॅच चालतात, कारण हे रेणू लहान आहेत आणि औषधही थोडंसंच पुरतं. इन्शुलिनचा रेणू सुमारे ५८०० डाल्टनचा. केज हा गिलावा थोडा सैल करतं आणि वाट मोकळी होते. उंदरांच्या त्वचेवर केजमधून इन्शुलिन लावल्यावर त्यांची शुगर उतरलीसुद्धा.

उंदरांची! हा शब्द मथळ्यात कधीच नसतो, सातव्या परिच्छेदात असतो आणि तिथपर्यंत कोणी वाचत नाही. उंदराची त्वचा आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिच्यातून औषध सहज आत जातं. बातमी देणाऱ्याला हे माहीत नसेल, तर त्याने विचारायला हवं. माहीत असून गाळलं असेल, तर तो तुमच्या भीतीवर धंदा करतोय.

समजा, माणसाच्याही त्वचेतून इन्शुलिन आत गेलं. तरी किती गेलं? सुईने १० युनिट दिले की १० युनिट आत जातात. त्वचेतून किती जाईल ते घाम, उन्हाळा, त्वचा जाड की पातळ, लावायची जागा या सगळ्यावर ठरेल. कमी गेलं तर शुगर चढेल. जास्त गेलं तर मध्यरात्री उतरेल आणि झोपेतल्या माणसाला ते कळणारही नाही. शिवाय भिंत रोज सैल करत राहिलो, तर वर्षानुवर्षांत त्या जागेचं काय होईल, हाही प्रश्न आहेच.

लसीचं गणित मात्र वेगळं आहे, आणि तिथे मी आशावादी आहे. त्वचेत प्रतिकारशक्तीचे पहारेकरी ठासून भरलेले असतात, त्यामुळे थोडी लसही पुरते. बीसीजी आपण त्वचेतच देतो. पोलिओची इंजेक्शनची लस त्वचेत दिली तर ०.५ ऐवजी ०.१ मिलि पुरते. २०२१ मध्ये आपल्याकडे मंजूर झालेली झायकोव्ह-डी सुईशिवाय, दाबाच्या फवाऱ्याने त्वचेत दिली जायची. लसीची मात्रा थोडी इकडेतिकडे झाली तर कोणी बेशुद्ध पडत नाही. त्यामुळे असल्या द्रावणातून औषध येणारच असेल, तर इन्शुलिनच्या आधी लस येईल, असं माझं मत आहे.

माझा राग संशोधकांवर नाही. राग आहे तो ऑनलाइन 'शुगर पॅच' विकणाऱ्यांवर. तळपायाला किंवा बेंबीला चिकटवा आणि मधुमेह पळवा, म्हणे! हार्वर्डला इतकी वर्षं घाम गाळावा लागतोय आणि यांना कुरिअरने जमलं? असले पॅच लावून कोणी इन्शुलिन थांबवलं, की त्याची किंमत डोळे, किडनी आणि पाय मोजतात. टाइप १ च्या मुलाचं इन्शुलिन तर एक-दोन दिवस बंद झालं, तरी त्याला आयसीयूत न्यावं लागू शकतं.

सुईची भीती खरी आहे, तिला हसणाऱ्यांतला मी नाही. पण त्यावर आज करता येण्यासारखं बरंच आहे. इन्शुलिन पेनची ४ मिलिमीटरची सुई मिळते, ती मागा. फ्रिजमधलं गार इन्शुलिन लगेच टोचू नका, वापरातलं पेन खोलीच्या तापमानाला ठेवलं तर कमी दुखतं. पोटावरची जागा रोज बदला आणि सुई पुन्हा पुन्हा वापरू नका, बोथट सुईच जास्त दुखते. तरीही हात धजत नसेल, तर पुढच्या वेळी पेन घेऊन या, आपण दवाखान्यातच एकदा मिळून टोचू.